दिपालीच्या पत्रिकेत नाव सुटत नाही

नेरमध्ये लग्नपत्रिका करून देणारे बरेच आहेत, पण ज्याच्या गोतावळ्यात रुसणारी माणसं जास्त, तो हटकून दिपाली गावंडेकडेच यायचा. तिच्या पत्रिकेत नाव सुटत नाही, असं लोक एकमेकांना सांगत, आणि ते खरंही होतं. लग्नात वरण पातळ झालं तर माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो, पण पत्रिकेत नाव नसलं तर ते नातवाच्या बारशालाही उकरून काढतो. आपलं नाव साडूच्या खाली गेलं म्हणून मांडवातून उठून गेलेली माणसं या तालुक्यात आजही ठणठणीत आहेत. दिपालीनं केलेल्या पत्रिकेवर मात्र आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

या गोष्टीचा तिला मनापासून अभिमान होता. शेत सासऱ्यांचं, घर सासूचं, कृषी केंद्रातली नोकरी नवऱ्याची. पण हे नाव तिनं स्वतः कमावलेलं होतं. बाजारात कोणी 'गावंडेंची सून' न म्हणता 'पत्रिकेवाली दिपाली' म्हणालं, की त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्त पडलं तरी तिला फिकीर नसायची.

अडचण एकच होती, कॉम्प्युटर. समोरच्या खोलीतला तो काळा डबा सकाळी बटण दाबल्यावर आधी घुरघुर करायचा, मग निळा पडायचा आणि मग पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरत बसायचं. तेवढ्यात दिपाली कणीक मळून यायची. पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं की पुन्हा चक्र. फाँट बदलायला सांगितला की पडदा पांढराफटक व्हायचा, आणि गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "बाई, गेलं का सगळं?"

"कुठी जाते? इथंच आहे. बसा तुम्ही," असं म्हणायला विठ्ठलराव तिथंच असत. विठ्ठलराव म्हणजे दिपालीचे सासरे. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी शेत मक्त्यानं देऊन टाकलं होतं. शेत गेलं, पण बोलायची खोड कुठे जाते! चक्र फिरायला लागलं की ते खुर्ची पुढे ओढत आणि गिऱ्हाइकाची उलटतपासणी सुरू करत. तुमचं मूळ गाव कोणतं? आजोळ कुठलं? तिथले अमके तुमचे कोण? बहिणी कुठं दिल्या? गिऱ्हाईकही चहा पीत पीत सगळं सांगत बसायचं. दिपालीला या गप्पांचा राग यायचा. एकीकडे मशीन अडलेलं, दुसरीकडे बाबा सुटलेले. काम पुढे सरकणार कसं?

तशात बसस्टँडसमोर नवं दुकान उघडलं. 'बसल्या बसल्या पत्रिका' असा त्यांनी फलक लावला, आणि दिपालीची दोन ओळखीची घरं परस्पर तिकडे गेली. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग एका रविवारी जेवताना तिनं विषय काढला.

"त्या भंगाराच्या मागे काहून लागून राह्यली?" कपिल म्हणाला. त्याला कोणतीही वस्तू दुरुस्त करायचा कंटाळा, त्याच्या मोबाइलचं कव्हरसुद्धा कधी जुनं होत नसे. "नवीन घेऊन टाकू. विषय संपला."

"दसऱ्याले त्याले हळदीकुंकू लावलं मी," शकुबाई, म्हणजे सासूबाई, पोळी वाढता वाढता थांबल्या. "अन् तू भंगार म्हणतं त्याले? त्याच्याच भरवशावर पोरीनं नाव काढलं ना?"

"चालू तं होते ना तो? मंग?" विठ्ठलराव म्हणाले. "दम धरा ना जरासा. आजकाल कोणालेच दम नाई."

"बाबा, गिऱ्हाइकाले दम नाही," दिपाली म्हणाली. "तुम्हाले गप्पा माराले भेटते म्हणून तुम्ही म्हणता."

विठ्ठलराव हसले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. ते दुखावले असतील असं त्या वेळी कोणाला वाटलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती तो डबा ओढणीत गुंडाळून, स्कूटीवर पायांशी ठेवून संघदीपच्या दुकानात घेऊन गेली. संघदीप कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, आणि गिऱ्हाइकाला उगाच खर्चात न पाडणारा. त्यानं बाजूचं झाकण काढलं तर आतून कापसाच्या बोंडाएवढा धुळीचा गोळा बाहेर आला. दोघंही हसले.

"वहिनी, नवीन कायले घेता?" सगळं तपासून झाल्यावर तो म्हणाला. "मशीन चांगलं आहे. ही हार्डडिस्क थकली आहे. ती काढून एसएसडी, म्हणजे नवी जलद डिस्क टाकू, रॅम वाढवू. हेच मशीन धावते पाहा कसं."

"अन् माह्या जुन्या पत्रिका? त्या जातीन का?"

"एक बी नाई जात. सगय्या तशाच्या तशा येतीन."

दिपालीनं क्षणभर विचार केला. नवीन आणला तर कपिल खूश, आणलाच नाही तर बाबा खूश. हे मधलं काही केलं तर खूश होणारी ती एकटीच. तिनं संघदीपला सांगितलं, टाका.

घरी आणून बटण दाबलं आणि ती सवयीनं कणकेकडे वळली, तर मागे पडदा उजळलाही होता. तिनं मागे वळून पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की ती एकटीच टाळी वाजवून हसली. सॉफ्टवेअर उघडलं, फाँट बदलला, गणपती उजवीकडचा डावीकडे नेला आणि पुन्हा उजवीकडे आणला, निव्वळ हौस म्हणून. शकुबाईंनी हौसेनं पुन्हा एकदा हळदीकुंकू लावलं.

मग काय विचारता! गिऱ्हाईक यायचं, सांगायचं, पाहायचं, 'झकास' म्हणायचं आणि चालू लागायचं. बसस्टँडसमोर गेलेल्यांपैकी एक जण परत आला. दुपारपर्यंत दिपालीची कामं उरकत, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दुपारी पाय पसरून पडता येऊ लागलं. खोटं कशाला बोला, ती त्या दिवसांत फार सुखात होती.

विठ्ठलराव रोज सकाळी धुतलेला सदरा घालून खुर्चीत येऊन बसत. गिऱ्हाइकाला "बसा," म्हणत. गिऱ्हाईक म्हणायचं, "नाई काकाजी, झालंच." गिऱ्हाइकासाठी केलेला चहा विठ्ठलरावच पीत, आणि मग पेपर उघडून कालच वाचलेलं पान परत वाचत. दिपालीच्या ते ध्यानात यायचं. वाईट वाटायचं, पण बाबांच्या गप्पांसाठी धंदा हळू चालवायचा का? तेही तिला पटत नव्हतं.

अशात किसनसिंग राठोड आला. नेरजवळच्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी, विठ्ठलरावांचा जुना ओळखीचा. त्याच्या मुलीचं, अंजूचं लग्न ठरलं होतं. सामानाचा टेम्पो बाहेर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून जीव खात होता.

"तुह्या पत्रिकेत नाव सुटत नाई म्हून आलो, बाई," किसनसिंग म्हणाला. "वरून जय सेवालाल टाकजो. नायक, कारभारी यायचे नावं आधी. मंग आमच्या भावाईचे."

तो सांगत गेला आणि दिपालीची बोटं चालत गेली. तांड्याचे नायक आले, कारभारी आले, भाऊ आले, बायकोच्या, रामीबाईच्या माहेरचे, म्हणजे अंजूचे मामा आले, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं आली.

"आणखी कोणी?" दिपालीनं विचारलं.

"नाई, झालं वाटते."

"किसनभाऊ, बसा ना घडीभर," विठ्ठलराव म्हणाले. "कपभर चहा."

"नाई काकाजी, टेम्पोवाला बोंबलून राह्यला," किसनसिंग उठलाच. पडद्यावरची पत्रिका पाहून तो लहान मुलासारखा खुलला. छपाई प्रेसवर सोमवारी व्हायची होती, पण दिपालीनं पत्रिकेचं चित्र लगोलग त्याच्या मोबाइलवर पाठवलं. त्यानं चपला पायात घालता घालताच ते सगळ्या पाहुण्यांना पाठवूनही टाकलं. सगळं इतक्या लवकर झालं की विठ्ठलरावांनी आत चहाची दिलेली ऑर्डर स्वयंपाकघरात पोचायचीच राहिली.

रविवारीच किसनसिंग परत आला. या वेळी सोबत त्याची बायको रामीबाई होती, आणि दोघांचे चेहरे उतरलेले होते.

"जवाई सुटला ना बाई," रामीबाईनं बसायच्या आत सांगून टाकलं. "डोंगरसिंग. यायच्या बहिणीचा मालक."

डोंगरसिंग बाभुळगावकडच्या तांड्यावरचा. किसनसिंगची मोठी बहीण कौसल्या त्याला दिली होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानं दुसरं लग्न केलं नाही, आणि सासरच्या मांडवात येणंही सोडलं नाही. या घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवाची पहिली बल्ली, म्हणजे पहिला खांब, त्याच्या हातचा असायचा. ठरल्याची बातमी कळली की आधी त्याचा फोन, "बल्ल्या कधी आणू?" या वेळी पत्रिका मोबाइलवर पोचली आणि त्याच्याकडून नुसते जोडलेले हात आले. रामीबाईला ते खटकलं. तिनं अंजूला बसवून एक एक नाव मोठ्यानं वाचायला लावलं, तेव्हा उलगडा झाला.

"मीच सांगतलं नाई," किसनसिंग खाली मान घालून म्हणाला. "तुही काईच चूक नाई. भावाईचे सांगतले, साल्याचे सांगतले. बहीण नाई घरात, तं ते नाव तोंडातच नाई आलं. ती गेली म्हून तिचा माणूस बी गेला, असंच झालं ना हे? फोन लावाची हिंमत नाई होऊन राह्यली माही."

'तुझी चूक नाही' हे त्याचं बोलणं दिपालीला चुकीपेक्षा जास्त लागलं. नाव सांगितलं नाही हे खरं, पण आजवर सगळेच काय आठवून आठवून सांगत होते? मग इतक्या लग्नांत एकही नाव कसं सुटलं नाही? तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चक्र फिरत असायचं तेव्हा बाबा विचारायचे, बहिणी कुठं दिल्या? त्या एका प्रश्नानं किती जावई पत्रिकेत आले असतील, देव जाणे. ज्या नावाचा तिला एवढा अभिमान, त्यातला निम्मा भाग समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाचा होता, आणि तिनं त्याला गप्पिष्ट म्हणून मोजलंही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

शकुबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तो जुना पार्ट आहे ना संघदीपजवळ? परत आण अन् लाव. याचा पायगुण काई बरा नाई."

दिपालीनं मान हलवली. "नाही आई. मशीननं काही नाही केलं. घाई मी केली." मग तिनं आत जाऊन हाक मारली, "बाबा, बाहेर या बरं. किसनभाऊ आले आहेत. तुम्ही बसल्याशिवाय मी कॉम्प्युटर लावत नाही."

विठ्ठलराव गुडघ्यावर हात दाबत आले. काय झालं ते ऐकून त्यांनी च् च् केलं, पण 'मी म्हटलंच होतं' असं काही म्हटलं नाही. त्यांच्या डोक्यात तसं काही नव्हतंच. आपण गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो तेव्हा काही काम करतो, हे त्यांना कुठे ठाऊक होतं! त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली.

"किसनभाऊ, कौसल्याबाई तुमच्यापेक्षा किती मोठी होती?"

"लय मोठी, काकाजी. याडी शेतात जाये, तं मले तिनंच वागवलं." याडी म्हणजे आई. किसनसिंगनं पुढ्यातला कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तिचं लग्न झालं तवा मी एवढासा होतो. वरातीच्या ट्रकमंधी चढून बसलो, उतरूच नाई. मी बी जातो म्हणे तिच्यासंग. सगये ओढून राह्यले, अन् हा डोंगरसिंग, नवा नवरदेव, तो म्हणे, येऊ द्या ना त्याले. महिनाभर ठेवलं मले त्यानं. पिंप्रीच्या जत्रेत खांद्यावर घेऊन फिरवलं." त्यानं तो कप पुढे सरकवला. "त्या माणसाचं नाव मी विसरलो, काकाजी."

रामीबाईनं डोळ्यांना पदर लावला, शकुबाईही लावून मोकळ्या झाल्या. कोणी घाई केली नाही. विठ्ठलराव विचारत गेले आणि नावं येत गेली. कौसल्याची मुलं, सुना, रामीबाईची पुसदला दिलेली मावशी, जिचं नाव रामीबाईलाही आत्ताच आठवलं. समोर पडदा काळाच होता. दिपाली कागद न घेता नुसती ऐकत बसली होती, आणि तिला नवल वाटत होतं की याच सगळ्याकडे ती इतकी वर्षं पाठ फिरवून बसत असे आणि मशीनच्या नावानं बोटं मोडत असे.

"कौसल्याबाईले बी घ्या ना पत्रिकेत," विठ्ठलराव शेवटी म्हणाले. "आशीर्वादात."

किसनसिंगनं बायकोकडे पाहिलं. रामीबाईनं लगेच मान डोलावली.

तेव्हा कुठे दिपालीनं बटण दाबलं. आशीर्वाद, कै. कौसल्याबाई डोंगरसिंग चव्हाण. घरच्या निमंत्रकांत पहिलं नाव, डोंगरसिंग चव्हाण. चहाचा दुसरा कप येण्याआधी पत्रिका तयार झाली. ती मोबाइलवर पाठवणार एवढ्यात रामीबाईनं तिचा हात धरला.

"त्याले मोबाइलवर नोको धाडू. हे हातानं नेऊन द्या लागते."

दिपालीनं जाड कागदावर एक प्रत काढली. किसनसिंगनं ती घडी न घालता दोन्ही हातांत धरली आणि नवराबायको तिथूनच बाभुळगावच्या रस्त्याला लागले.

ते गेल्यावर दिपालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नाव घातलं म्हणजे माणूस मानतोच असं थोडंच आहे? चुलीपुढे बसायचं सोडून ती समोरच्या खोलीत येरझारा घालत होती. कपिल बाहेरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नवीन काही घ्यायचं सुचवलं नाही. विठ्ठलराव म्हणाले, "खांद्यावर पोट्टा फिरवणारा माणूस आहे तो. एका कागदासाठी मन लहान नाई करत." पण तेही रस्त्याकडे पाहतच होते.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"पत्रिकेवाली दिपालीबाई का?" आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, जाडाभरडा. "मी डोंगरसिंग बोलून राह्यलो. पत्रिकेत खाली तुमचा नंबर आहे, म्हून लावला."

"बोला काका," दिपाली म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "चुकलं आमचं. मी घाईत..."

"ते जाऊ द्या. किसन इथंच आहे, जेवून राह्यला. रडला लय, मीच चूप केलं." पलीकडे ताटांचा आवाज येत होता. "बाई, छपाई झाली का?"

"नाही काका. उद्या आहे. काही बदलायचं का?"

"चष्मा लावूनबी कौसल्याचं नाव लयच बारीक दिसते. माहेरच्या पत्रिकेत तिचं नाव यावं हे तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच होऊन राह्यलं, बाई. जरा मोठं होते का? जागा कमी पडत असन तं माहं काढून टाका. मी तं मांडवात दिसनच."

दिपालीनं डोळे पुसले, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि माउस हातात घेतला. कौसल्याबाईचं नाव तिनं नायकांच्या नावाएवढं मोठं केलं. सेवालाल महाराजांचा फोटो थोडा वर सरकवला, आणि डोंगरसिंगचं नाव होतं तिथेच, पहिलंच ठेवलं.

"झालं, काका," ती म्हणाली. "दोघंही बसले."